कानातलं यंत्र आणि तात्याबांची शीळ

रा. रा. तात्याबा पाव्हणे यांस कासुर्डीहून तुमच्या दाजीचा रामराम. तुमचा गुडघा, सिंधूबाईंचा दमा आणि ती एका शिंगाची मेंढी, सगळी बरी असतील अशी आशा करतो. (आशाच करतो, कारण यंदा तुम्ही काहीच कळवलं नाही.) हे पत्र तुमची सूनबाई नकुशी वाचून दाखवील. नकुशे, सावकाश वाच, आणि कंसातलंही वाच. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनही डिजिटलच, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

आमच्या रविराजने दौंडहून कानात घालायचं नवं यंत्र आणलं. बोराएवढं आहे, शिंक आली तरी हरवेल अशी धास्ती वाटते. जुनी डबी, खिशात ठेवून कानात वायर खुपसायची ती, मी मोठ्या मनाने तुम्हाला पाठवून दिली. आता नात हर्षदा डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती म्हणाली, जुनी डबी अ‍ॅनालॉग होती, हे डिजिटल. मला कळेना. (माझी शाळा चौथीतच मेंढरांमागे गेली, तुम्हाला ठाऊक आहे.) मग तिने मोबाइलसमोर शीळ घातली आणि ती पडद्यावर दाखवली. पाव्हणे, आवाज दिसतो! चढ, उतार, पुन्हा चढ, आपल्या माळासारखा. अ‍ॅनालॉग म्हणजे तो अख्खा माळ, कुठेही पाय टाका. डिजिटल म्हणजे त्याच माळाची उंची थोड्याथोड्या अंतरावर मोजायची, आकडे लिहून ठेवायचे आणि आकड्यांवरून माळ परत उभा करायचा.

"म्हंजी पायऱ्या केल्या की गं!"

"व्हय आबा, पर इतक्या बारीक, की पाय अडखळत न्हाई."

वर हेही म्हणाली, की लांब, एकसुरी शीळ आली की यंत्राला वाटतं आपणच किंचाळतोय, मग ते ती दाबून टाकतं. तेव्हापासून मला घोर लागला. दोन पायऱ्यांच्या मधे जे असतं ते जातं कुठे?

त्याच दुपारी तुमची बहीण कुशाबाई यवतच्या बाजाराला गेली होती. मी लिंबाखाली बाजेवर लवंडलो आणि डोळा लागला. स्वप्नात एक शीळ माळासारखी पसरली होती आणि मी तिच्यावरून चालत होतो. मऊ उतार, दव पडलेलं गवत, पुढे मेंढरं. ती चढावर गेली की शीळ बारीक होई, उतारावर आली की जाड. पायरी कुठेच नव्हती. एक कोकरू मागे वळून माझ्याकडे बघत होतं आणि मला पोहोचायची काही घाई नव्हती. जाग आली तर कुत्रं कॅनॉलकडे कान टवकारून उभं, आणि कॅनॉलवर नुसती धूळ.

पाव्हणे, आपली रीत मी विसरलेलो नाही. येणाऱ्याने कॅनॉलवरून शीळ घालायची, घरच्याने उत्तर द्यायचं, मगच मेंढरं खतासाठी रानात बसवायची. उत्तर आलं नाही तर पुढे जायचं, दार वाजवायचं नाही. त्या दुपारी तुमच्या शिळेला माझं उत्तर आलं नाही, म्हणून तुम्ही भिमाजी पाटलाच्या रानात मेंढरं बसवलीत. बाजारात तुम्ही बहिणीला म्हणालात म्हणे, "दाजीनं आता लोखंडी दार बसवलंय, आमची शीळ त्येला कुठनं ऐकू यायची?" हा टोमणा मला पुरता ऐकू आला. (तो यंत्राने दाबला नाही.) दार कुत्र्यासाठी आहे. दोष डिजिटलचा आहे, माझा नाही, हे पोरांसमोर मोठ्याने वाचून घ्या.

तुमचा,
गेणबा

ता. क. जुनी डबी परत द्यावी.

ता. क. कुशाबाई शेजारी बसून म्हणते, खरं लिहा. त्या दुपारी दाढी करताना मी यंत्र काढून कोनाड्यात ठेवलं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. म्हणजे डिजिटलने काही दाबलं नाही. पण मग कानात काहीच नसताना ती शीळ स्वप्नात आली कुठून? हर्षदाला विचारलं, तिच्या पुस्तकात ते नाही.

ता. क. डबी टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. मेंढरंही आणा, रान मोकळं ठेवलंय. कॅनॉलवरून शीळ घाला. मला ऐकू आली नाही तरी कुत्र्याचे कान मला दिसतील. परत शीळ घालणं माझ्याच्याने होणार नाही, पुढचे दात गेलेत. मी घोंगडं हलवीन. त्यालाच उत्तर समजा.