तळ्याकाठची उचलेगिरी

३ मे
अखेर निघाले. मी, गाडी आणि थर्मास. तिघांचं एकमेकांशी उत्तम जमतं. महिनाभर बागा आणि अभयारण्यं बघत हिंडायचं, कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. धाकट्या बहिणीला बरोबर यायचं होतं. म्हटलं, ढब्बू, तू एकटी दोन सीट अडवशील. ती नेहमीसारखी हसली. चाळिशी उलटली तरी बाई चष्मा लावायला लाजते. समोरचा हत्ती तिला टेकडी वाटेल. तिला कशाला हवीत अभयारण्यं?

पहिली बाग गुलाबांची. गुलाब ठीक, माळ्यांना उत्साह फार. झुडपं कापून मोर केलेत. एकाची मान कापताना कुणाचा तरी हात घसरला असावा, त्याची कोंबडी झालीय. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. हौदात कागदी पेले टाकणाऱ्या एका कुटुंबाला मी सुनावलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. फाटकापर्यंत सगळे चिडीचूप झाले. दिवस छान गेला.

५ मे
काल निवडुंगांची बाग झाली. तिकीट काढून काटे बघितले. आमच्या स्टाफरूममध्ये ते फुकट दिसतात.

आज या तळ्याच्या अभयारण्यात आले. पाहुण्यांसाठी एकच खोली. चादर स्वच्छ, उशी म्हणजे दगड. खिडकीखालीच माणसाच्या उंचीची लव्हाळी, ती तळ्याभोवती थेट पलीकडच्या बांधापर्यंत पसरलेली. लव्हाळ्यांना लागूनच दोन पुरुष खोल पाणी, अशी पाटी आहे. फाटकाशी दुसरी पाटी: ‘येथील पक्षी आवाज पटकन उचलतो. बोलू नये.’ रखवालदार मुका. ओठांवर बोट ठेवून तो मला पुन्हा पुन्हा ही पाटी दाखवत होता. म्हटलं, पोपटही उचलतो, त्याच्यासाठी कुणी पाट्या रंगवत नाही.

मग खिडकीत उभं राहून धाकटीला फोन केला, मुद्दाम मोठ्यानं. ढब्बू, तुला इथे येऊन काही उपयोग नाही, पक्षी आणि चप्पल यांतला फरक कळायचा नाही तुला. रखवालदार दोन्ही हात हलवत धावत आला. पोटासाठी माणसं काय काय सोंगं करतात.

६ मे
सकाळी घसा बसला. म्हणजे घरघरसुद्धा नाही. तोंड उघडलं की नुसती हवा. रस्त्यावरच्या धुळीचा प्रताप. गुळण्या केल्या.

दुपारी खिडकीखालून कुणीतरी म्हणालं, ढब्बू, तुला इथे येऊन काही उपयोग नाही. माझा आवाज. हेल माझा, शेवटचा झटकाही माझा. लव्हाळी हलत होती, पक्षी काही दिसला नाही. पाठोपाठ एक म्हातारा आवाज काकुळतीनं म्हणाला, बाई, बोलू नका. रखवालदार चहा घेऊन दारात उभा होता. त्याचे डोळे भरले. त्यानं आधी स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग लव्हाळ्यांकडे बोट केलं.

उचलतो म्हणजे शिकतो, असं मी वाचलं. पाटी रंगवणाऱ्या शहाण्याला म्हणायचं होतं, उचलून नेतो. मला भीती वाटली. लिहायलाही लाज वाटते.

७ मे
असल्या भिकार जागी क्षणभरही राहायचं नाही म्हणून गाडीत बसले. किल्ली फिरवली. इंजिनाची घरघर लव्हाळ्यांतून आली. गाडी ढिम्म. हॉर्न दाबला, तोही तिकडेच वाजला.

खोलीत आले तर धाकटीचा फोन. घेतला, बोलणार कशानं? खिडकीखालून ते बोललं. ढब्बू, ये गं, पलीकडच्या बांधाशी ये. तुझ्यावाचून करमत नाही. हे शब्द मी जन्मात उच्चारलेले नाहीत. चोरलेल्या कापडाचे नवे कपडे शिवलेत मेल्यानं. आणि ही मूर्ख बाई रडायलाच लागली. उद्या सकाळी पोचते म्हणाली.

लगेच मेसेज केला: येऊ नकोस, ती मी नव्हते. उत्तर आलं: ताई, इतक्या वर्षांत एकदा गोड बोललीस, आता ते मागे घेऊ नकोस, फोन बंद करतेय. त्यानंतरचे सगळे मेसेज तसेच पडून आहेत.

८ मे
रखवालदाराला चिठ्ठी दाखवून पलीकडे पाठवलं; ती फाटकाकडून आली तर म्हणून मी इथे. म्हातारा लंगडत निघालाय. कधी पोचणार—

तिची गाडी आली. बांधावर. एकटीच.

मध्ये तळं. वळसा घालून धावले तरी—

मोठ्या अक्षरांत लिहिलं, उतरू नकोस. पान खिडकीला धरलं. चादर हलवली. तीही हात हलवतेय. हसतेय. चष्मा नाही. गाढव. माझं गाढव ते—

माझा आवाज तिला सांगतोय, ढब्बू, खाली उतर, पाणी घोट्याएवढंच आहे.

चष्मा लाव गं. एकदा लाव—

चपला काढल्या तिनं. हाक मारतेय मला. ताई म्हणून. तोंड तिकडे हललं, आवाज इथे, माझ्या खिडकी—