सोनचाफ्याच्या मातीतले पांढरे

३ नोव्हेंबर, सोमवार

मातीत काहीतरी हलतंय. पांढरं. तिळाचा पाव भाग असेल. सोनचाफ्याच्या कुंडीत बोट घातलं तर दहा-पंधरा एकदम उडाले! चष्मा लावेपर्यंत गायब.

पानं पिवळी पडतातच आहेत. आज सात गळली. हे गेल्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून एक फूल नाही. रोज एक मग पाणी घालते, दहाला, आंघोळ झाल्यावर. एक दिवस चुकवलेला नाही. मग का?

४ नोव्हेंबर

खालची सँड्रा वर आली. हातात मुलाचा शर्ट. "आंटी, तुमच्या कुंडीचं पानी गळतं. जेसनचा युनिफॉर्म बघा, कालच धुतलेला!" मातीचे डाग होते खरे. मग ती कुंडी बघायला आत आली, आणि किंचाळलीच. "वाळवी! आमची चौकट खाल्ली ती हीच!"

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. सेक्रेटरींचा निरोप – सोळा तारखेला, रविवारी औषध मारणारे येतायत. वाळवीची कुंडी गॅलरीत दिसता कामा नये.

जेवताना परेश म्हणाला, "टाकून देऊ, आई. मरतंय ते. रोज बघत बसायचं का आपण?"

"तुझ्या बाबांचं आहे ते."

"बाबा त्या कुंडीत नाहीत."

मी ताटावरून उठले. माझ्या पोटचा मुलगा इतका कोरडा कधी झाला?

६ नोव्हेंबर

चार पानं.

७ नोव्हेंबर

वाचनालयात गेले. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे काय येतं ते ह्याच कपाटांतलं. पिकांवरच्या किडींचं एक जाडं पुस्तक मिळालं. ग्रंथपाल म्हणाले, "काकू, शेती घेतली की काय?" म्हटलं, एक फूट बाय एक फूट घेतली आहे.

हुमणी – नाही, ती केवढी मोठी. पिठ्या ढेकूण – तो मुळांना चिकटून बसतो, उडत नाही. वाळवीच्या पानावर थांबले. अंगानं पांढरी, मऊ. रंग तर तोच!

वाळवी निघाली तर मी स्वतःच कुंडी खाली नेईन. दुसऱ्याच्या चौकटी खाऊ द्यायच्या नाहीत. पण आधी बघेन. कुणी सांगितलं म्हणून नाही.

८ नोव्हेंबर

ह्यांचं भिंग काढलं. दांड्याला ह्यांनी गुंडाळलेली चिकटपट्टी अजून तशीच. मोतीबिंदूनंतर पेपर ह्याच भिंगानं वाचायचे, आणि मला मोठ्यानं ऐकवायचे, जसं काही मला अक्षरओळख नाही.

मातीवर पांढरं दिसेना. मग सुचलं – तवा! तव्याची काळी पाठ उन्हात धरली, वर चिमूटभर माती झटकली. स्पष्ट! सहा पाय. डोक्यावर दोन मिशा. पोटाखाली शेपटी दुमडलेली, आणि तिच्या झटक्यानं उडी. मग बशीत पाणी घेऊन माती सोडली. माती बुडाली, किडे वर तरंगत राहिले. पाण्यावरसुद्धा उड्या!

वाळवी उडी मारत नाही. पुस्तकात शेवटी शेवटी सापडलं – स्प्रिंगटेल. कुजकं खातात, लाकूड नाही. झाडाला इजा नाही.

सँड्राला वर बोलावलं. भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ बसली. "आवो, ही वाळवी नाय. ही नाचतात!" सेक्रेटरींना तीच सांगणार आहे. जाताना म्हणाली, "पन पानी तेवढं कमी करा, आंटी. दोन-दोनदा कशाला?"

दोनदा? मी एकदाच घालते! कपड्यांचं राहिलंय तिच्या मनात.

९ नोव्हेंबर, रविवार

परेशला तवा दाखवला. बघितलं न बघितल्यासारखं केलं. "किडे नसले तरी झाड मरतंयच ना. पुढच्या रविवारी मी खाली नेतो."

विचारलं नाही. सांगितलं.

११ नोव्हेंबर

नऊ पानं.

१२ नोव्हेंबर

पिशवीत माती घेऊन आगाशी गावात गेले, पीटरच्या रोपांच्या वाडीत. झाड ह्यांनी त्याच्याकडूनच घेतलं होतं. ह्यांचं कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली. मग माती मुठीत दाबली. पाणी निघालं!

"बाय, मुळं सडतात याची. तुमचे किडे म्हनजे त्याचीच चिट्ठी. किती घालता पानी?"

"एक मग."

"एका मगानं नाय होत असं. चाफा तहानेनं मेलेला मी थोडा बघितला. लाडानं मेलेले लय."

येताना रिक्षात सँड्राचं आठवलं. दोन-दोनदा.

१३ नोव्हेंबर

आज पाणी घातलं नाही. संध्याकाळी मातीवर रांगोळीची बारीक रेघ ओढली, खोडाभोवती गोल.

१४ नोव्हेंबर

सहाला उठून बघितली, रेघ शाबूत. दूध घेऊन पावणेसातला परत आले. परेश कामाला निघून गेलेला. रेघ वाहून गेलेली! माती चिखल.

तशीच खाली गेले. सँड्रा म्हणाली, "रोजचंच आहे, आंटी. साडेसहाला एकदा गळतं, दहाला एकदा. मी काय खोटं बोलते?" तिची माफी मागितली.

घरात माणसं दोन. परेश काय ओततोय? मातीचा वास घेतला – फिनेल नाही. जिभेवर ठेवली – मीठ नाही. पण एवढा टाकायच्या मागे का लागलाय? मेलं की आईला बोलायला तोंड उरणार नाही, म्हणून?

असं मनात आलं. स्वतःच्या मुलाबद्दल. लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणेन की आलंच नव्हतं.

हे सकाळी पाणी घालून मगच दुधाला जायचे. कडेकडेनं, सावकाश. रिकामा तांब्या दोनदा झटकून झाडाला म्हणायचे, "झालं हो, राजे!" तो तांब्या फडताळात आहे. मी हात लावत नाही त्याला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुधाला निघाले आणि जिन्यातून परत फिरले. किल्लीनं हळूच दार उघडलं.

गॅलरीत परेश. ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात ह्यांचा तांब्या. खोडावर नाही, कडेकडेनं, सावकाश. रिकामा दोनदा झटकला. अगदी हळू म्हणाला, "झालं हो, राजे."

तशीच मागे फिरले. दूध घेऊन आले.

दहाला आंघोळ झाली. पाण्याचा मग भरला, आणि पुन्हा बादलीत ओतला. परेशला काही बोलायचं नाही. झाडाला एकाचंच पाणी पुरे. ते त्याचं असू दे.