मिरची सोडल्याचा नवस

आखाडा बाळापूर
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय दीपा,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर नाही म्हणून गाल फुगवून बसली असशील. फुगव. चौथा महिना लागलाय, तुला सगळं माफ आहे. हे पत्र मी पोस्टात न टाकता आईच्या हाती देतेय, कारण पोस्टाचं पत्र तुझे सासरे फोडतात आणि आईला वाचता येत नाही. दार लावून एकटीच वाच आणि झालं की चुलीत घाल. लगेच घाबरू नकोस. आधी मला थोडं बोलू दे, वर्षभर कुणाशी बोललेले नाही.

लहानपणी मी भाकरीबरोबर हिरवी मिरची कराकरा चावायचे, आठवतं? तुलाही एकदा तुकडा चारला होता, तर तू गुळाच्या डब्यात तोंड खुपसून बसलीस. हिला कोण नांदवणार म्हणून आई कपाळावर हात मारायची. नांदले की. आमच्या सासूबाईंना, सिंधूबाईंना, माझा ठेचा इतका आवडला की शेजारणींना वाटीवाटीने पोचवायच्या. माझी सगळ्या गल्लीत ओळखच ती होती.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास माझं तोंड आलं. उष्णता झाली म्हणाले सगळे. मी जाईचा पाला चघळला, तूप लावलं, सब्जा प्याले. दोन महिने झाले तरी घास गिळताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी तुझे दाजी बोअर मारायच्या गाडीवरून सुट्टीला आले, तेव्हा मला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. जिभेवर आणि गालाच्या आतून दह्यासारखं पांढरं साचलं होतं, पुसलं की खाली लालभडक. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, हे उष्णतेचं नाही. तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या."

दोघांचंही रक्त सारखंच निघालं, दीपा. एचआयव्ही. हा शब्द लिहिताना पेन दोनदा उचलला. दाजी वर्षातले आठ महिने बाहेर असतात, कुठून काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परतीच्या एस.टी.त ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. वारंगा फाटा गेल्यावर एवढंच बोलले, "कोणालाच सांगू नको. बहिणीला बी न्हाई. माझ्या गळ्याची आण हाय तुला." मी मान हलवली. घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या, काय म्हणाला डॉक्टर, अजून तिखट काहून खाईना ही. त्यांच्या प्रश्नांनी मी इतकी बेजार झाले की कार्तिकी एकादशीला त्यांना नरसीला घेऊन गेले आणि नामदेवाच्या पायरीवर सांगून टाकलं, मी नवस बोललेय, तो फिटेपर्यंत मिरची सोडली. काय नवस ते बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मला वाटलं सुटले.

कुठली सुटतेय. सासूबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. लग्नाला सहा वर्षं, घरात पाळणा नाही, त्यांनी दुसरं काय समजावं? तिथून पुढे ज्याला त्याला सांगत सुटल्या, लेकरासाठी माझ्या सुनेनं जिभेच्या चवीवर पाणी सोडलं. इकडे नांदेडच्या गोळ्यांनी पंधरा दिवसांत माझं तोंड साफ झालं. मिठाच्या गुळण्या करते, मशेरी सोडली, मऊ ब्रश वापरते. चांगलं खाता येतं. पण खायचं कसं? ज्या दिवशी मी ठेचा वाढून घेईन, त्या दिवशी नवस फिटला म्हणून सासूबाई पेढे वाटतील. तेव्हा ठेचा मीच कुटते, सगळ्यांना वाढते आणि आपल्या ताटात दूध-भाकरी कुस्करते. तोंड आलं होतं तेव्हा परवडलं, निदान त्यावर औषध होतं. घराला कुठे कुलूप नाही, तरी मला कोंडून घातल्यासारखं होतं.

मध्ये दाढ सुजली. जवळच्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि नांदेडला शिकवलं होतं तसं खरं सांगितलं. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला आणि खुर्ची बिघडलीय म्हणाले. मी त्या बिघडलेल्या खुर्चीतून उतरले, तर माझ्यामागचा माणूस तिच्यात आरामात जाऊन बसला. दाढ शेवटी नांदेडलाच काढली. दवाखान्यातले समजावतात की एका ताटात जेवल्याने हे कुणाला होत नाही. पण शिकलेला डॉक्टर असा, तर सासूबाई माझं ताट कुठे ठेवतील हे मला सांगायला नको.

आता तुझ्या पत्राचं. किती कौतुकाने लिहिलंस की माझं पाहून तुझ्या शिवहाररावांनीही लेकरासाठी मिरची सोडली, दहीभातावर राहतात, सकाळी जाईचा पाला चघळतात. दीपा, नवसासाठी कुणी जाईचा पाला चघळत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला शिवहारराव आमच्या पंक्तीत होते, सासूबाईंच्या तोंडून माझी कीर्ती ऐकत होते. भात कालवत त्यांनी मला दोनदा विचारलं, वयनी, मिरची सोडली की लोक कायी विचारीत न्हाईत का. मी हसत म्हटलं, उलट पाया पडतात. माझं खोटं मी त्यांच्या ताटात वाढलं आणि तुझ्या घरी पाठवलं. तुझं स्थळही मीच आणलं होतं, दाजींच्याच गाडीवर कामाला आहेत, ओळखीतले आहेत म्हणून. अकरा दिवस मी हे गिळायचा प्रयत्न केला. दाजींची आण एकीकडे आणि तुझं पोट एकीकडे. आज सकाळी कळलं की मला दोन्ही राखता येणार नाहीत.

म्हणून लिहिलं. नुसत्या तोंडावरून काही ठरत नाही, तंबाखूने होतं, आणखी कशाने होतं, देव करो तसंच असो. पण रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही. मी नांदेडला विचारून आलेय, पोटुशी बाईला वेळेत कळलं तर लेकराला होऊ नये म्हणून औषध देतात. वेळेतच कळायला हवं. सोमवारी, सव्वीस तारखेला, दहा वाजता मी वसमतच्या स्टँडवर उभी असेन. माहेरच्या कामाला जाते म्हणून नीघ. आपण दोघी सरकारी दवाखान्यात जाऊ, मी तुझा हात सोडणार नाही. शिवहाररावांनाही आण. नाही म्हणाले तर भांडू नकोस, एवढंच सांग की ताईचा नवस खोटा होता. त्यांना लगेच समजेल. मग माझंही सगळीकडे कळेल, कळू दे. तुझा रिपोर्ट चांगला आला तर स्टँडवरच दोघी मिरचीची भजी खाऊ. नाही आला, तर मी आज तुळशीपुढे खरा नवस बोललेय, तुझं लेकरू निरोगी निघेपर्यंत मिरचीला शिवणार नाही. पक्कं कळायला जन्मल्यावर दीड वर्ष लागतं म्हणे. लागू दे. एक वर्ष मी खोट्यासाठी काढलंय.

तुझीच, सोमवारी स्टँडवर उभी असलेली,
मोहिनीताई