सहीनंतरच्या चार ओळी

ओरगडम, चेन्नई
१६ जुलै २०२५

तीर्थस्वरूप गुरुमूर्तीकाका यांस,
देविकाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही तंजावरला गेलात त्याला चार महिने झाले. गोदाकाकूंचा गुडघा कसा आहे? आपला चाचणीचा ड्रायव्हर गुंडो कामावर परत आलाय, हाताचं प्लॅस्टर निघालं. "ट्रक चालवतो, पण तुमच्या ब्रेकवर भरवसा नाही," म्हणतो.

गुंडोच्या अपघाताच्या दिवशी ब्रेक उशिरा का लागला, ते मला सापडलं! पुन्हा घडेना म्हणून सगळ्यांनी नाद सोडला होता, माझ्या मात्र डोक्यातून जाईना. शेवटी तुम्ही घ्यायचात तसा मोठा कागद घेतला आणि ट्रकच्या संगणकातल्या प्रत्येक कामापुढे मिलिसेकंदांच्या रेघा मारल्या. ब्रेकचं काम सगळ्यांत वरच्या मानाचं. पण नोंदी लिहिणारं खालचं काम ब्रेकलाही लागणाऱ्या माहितीला कुलूप लावतं. तेवढ्यात मधलं, डॅशबोर्डचं काम येऊन त्याला बाजूला सारतं. कुलूप तसंच राहतं आणि ब्रेक ताटकळतो. उपाय किती साधा, बघा: कुलूप ज्याच्याकडे, त्याला तेवढ्यापुरता ब्रेकचा मान द्यायचा. दोन आठवडे चाचण्या घेतल्या, एकदाही उशीर नाही.

तुमच्या आराखड्यात ते कुलूप नव्हतंच, काका. तुमची सही झाल्यावर नोंदींचं काम मी घातलं. कोडच्या चार ओळी. दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "कोण कोणासाठी थांबतो ते पहिले मांड, देविकामा," आणि माझे दोन दिवस गेले असते. म्हणून दाखवलं नाही. चौकशीत सही तुमची निघाली. तुम्ही राजीनामा दिलात, निघताना तुमची रेघा मारायची स्टीलची पट्टी मला दिलीत, आणि मी ती घेतली. तेव्हा कारण ठाऊक नव्हतं, पण ओळी ठाऊक होत्या.

सोमवारी आमच्या विभागाचे प्रमुख, गिरिधर सर, यांना त्या ओळी माझ्या असल्याचं सांगितलं.

"हे न सांगताही दुरुस्ती झाली असती," ते म्हणाले.

"झाली असती, सर."

अहवालातून तुमचं नाव निघालं. ब्रेकचं काम माझ्याकडून काढलं. कंपनीचं पत्र तुम्हाला येईलच. त्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे.

एक विचारू? सहीनंतर कोड बदललाय, हे तुम्हाला तारखांवरून दिसलं असणारच. मग बोलला का नाहीत?

तुमच्या सहीआड लपलेली,
देविका