वादळ हलेना, सासूबाई हलेनात

११ नोव्हेंबर, सकाळी
अरबी समुद्रात वादळ तयार झालं. मी हे परवाच ओळखलं होतं. कुणाला बोललो नाही, एवढंच. त्याला जे अधिकृत नाव मिळालंय ते उच्चारताना माझी दाढ दुखते, म्हणून या वहीत मी त्याला 'महाशय' म्हणणार.

आजपासून रोज नोंद. पुढच्या पिढीला उपयोगी पडेल. हेमाली म्हणाली, पुढची पिढी नाशिकला हॉस्टेलमध्ये आहे आणि ती तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेजसुद्धा उघडत नाही. माझ्या बायकोला विज्ञानाचं वावडं आहे.

१२ नोव्हेंबर
'वेध वादळाचा' या आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर चर्चा. मी संस्थापक. दुसऱ्या मजल्यावरचा सुजित, ज्याचं स्टेशनरोडला मोबाइलचं दुकान आहे, तो हवामान-अंदाजाच्या युरोपियन मॉडेलवाला. म्हणतो, महाशय ओमानला जाणार. मी अमेरिकन मॉडेलवाला. शिवाय गच्चीवर माझं स्वतःचं वेदर स्टेशन आहे: वारा मोजायच्या वाट्या, दिशा दाखवणारा बाण, दमटपणा मोजणारी डबी. आकडे थेट खाली आमच्या हॉलमधल्या स्क्रीनवर येतात. ऑनलाइन मागवलं. हेमालीला वाटतं, ते घड्याळ आहे.

माझा अंदाज: महाशय उजवीकडे वळणार आणि सातपाटी ते दांडी या पट्ट्यात धडकणार. मी एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे. उभा जन्म प्रेशर गेज बघण्यात गेला. वादळ म्हणजे तरी काय, शेवटी प्रेशरच ना? सुजितने आयुष्यभर मोबाइलची कव्हरं विकली.

१३ नोव्हेंबर, रात्री
आज ऐतिहासिक काम केलं. सातपाटीला जाऊन सासूबाईंना घेऊन आलो.

त्यांच्या, म्हणजे मैनाबाईंच्या, घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो. मी गेलो तेव्हा त्या अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बघता बघता त्यांनी अख्खी दोरी भरली. मी म्हटलं, धोका आहे, बोईसरला चला. त्या म्हणाल्या, "काय नाय व्हयाचा. धोक्याचा बावटा लागलाय, होड्या आत हायत, आमी घरात हाव." मग मी ताट आणि वाटी घेऊन त्यांना वादळ कसं वळतं ते समजावलं. ताट म्हणजे समुद्र. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. किती दिवस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तीन. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि उठून लुगडी पिशवीत भरायला लागल्या.

लग्नाला वीस वर्षं झाली. त्या घरात माझा शब्द कुणी मानला तो आज पहिल्यांदा.

अर्धवट वाळलेले बोंबील मात्र त्या सोडून येईनात. चार टोपल्या बरोबर घेतल्या, दोरीवरचे शेजारणीच्या हवाली केले. उमरोळी येईपर्यंत इको व्हॅनच्या ड्रायव्हरने खिडकीतून बाहेर डोकं काढून गाडी चालवली.

आता जबाबदारी वाढली आहे. बोंबील सुकवायचे दिवस म्हणजे त्यांच्या वर्षाची कमाई. महाशय आलेच नाहीत, तर ऐन उन्हाच्या दिवसांत मी एका बाईला फुकट घरातून उठवलं, असं होईल. तेव्हा महाशयांनी यायलाच हवं. कुणाचं नुकसान व्हावं असं नाही. नुसतं यावं, थोडं गरजावं, जावं.

१४ नोव्हेंबर
महाशय थांबले. समुद्राच्या मधोमध. इकडे नाही, तिकडे नाही. सुजित म्हणतो, ओमानचा व्हिसा काढताहेत. थिल्लर माणूस. मी ग्रुपवर खुलासा टाकला की मोठी वादळं वळण्याआधी थांबतात.

घरगुती अडचण: बाल्कनीत टांगलेल्या बोंबलांचं पाणी खालच्या हेतलबेनच्या तुळशीवर टपकलं. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, वर शाकाहारी. मी अत्यंत मुत्सद्दीपणे तोडगा काढला. बोंबील गच्चीवर न्या. भरपूर ऊन, भरपूर जागा. दोरी कशाला बांधायची ते सासूबाई बघतील. असल्या बारीकसारीक गोष्टींत मी लक्ष घालत नाही.

१५ नोव्हेंबर
विलक्षण! काल दुपारपासून माझ्या स्टेशनचा बाण ईशान्येला खिळून आहे. जरासुद्धा हलत नाही. वाऱ्याचा वेग शून्य. दमटपणा मात्र शंभराला टेकलाय. बाहेर कडक ऊन, आणि दमटपणा शंभराच्या घरात! असे आकडे पालघर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. वादळापूर्वीची शांतता म्हणतात ती हीच.

ग्रुपवर टाकलं. सुजितचं उत्तर: काका, एकदा गच्चीवर जाऊन बघा, मशीन बिघडलं असेल. जळतो. जाऊन बघितलं असतं, पण गुडघा. आणि चांगल्या यंत्रावर संशय घेणं हा त्याचा अपमान आहे.

रात्री सासूबाईंनी बोंबलाचं कालवण केलं. भाकऱ्या किती खाल्ल्या ते लिहीत नाही. डाएट महाशय येऊन गेल्यावर.

१६ नोव्हेंबर
तीन दिवस झाले. महाशय जागच्या जागी. सासूबाईही.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "जावयबापू, आला का तुमचा वादल?" मी म्हटलं, वाटेत आहे. म्हणाल्या, "येवं दे सावकास," आणि बशीत चहा ओतून घेतला. एवढा विश्वास! माझ्या स्वतःच्या आईनेही कधी ठेवला नाही.

स्वयंपाकघरात हेमाली आणि त्या कशावरून तरी सारख्या हसत असतात. हेमालीचं असं हसणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. हवेचा दाब कमी झाला की माणसं आनंदी होतात, असं काही आहे का ते शोधलं पाहिजे.

संध्याकाळी कळलं की हेतलबेन गच्चीवर खुर्ची टाकून सासूबाईंशी गप्पा मारत बसतात. नाकाला रुमाल लावून. कावळे हाकलायचं काम त्यांच्याकडे.

१७ नोव्हेंबर
बाण ईशान्येलाच. वेग शून्यच. आता शंका उरली नाही. रात्री ग्रुपवर रेड अलर्ट दिला: उद्या दुपारी, सातपाटी आणि दांडीच्या मध्ये. सरकारी खातं म्हणतं, किनाऱ्याला धोका नाही. त्यांच्याकडे माझे आकडे नाहीत ना.

खिडक्यांना चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. सगळ्या बादल्या, पातेली, टब भरले. ग्रुपवर सगळ्यांना भरायला सांगितलं. उद्याची रजा टाकली. कारण: नैसर्गिक आपत्ती.

१८ नोव्हेंबर, दुपारी
ऊन.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी
अजून ऊन. वादळाच्या डोळ्यात असं निरभ्र असतं, हे मी घरात सांगितलं. हेमाली मोबाइल बघून म्हणाली, डोळा अजून तिकडे समुद्राच्या मधोमध आहे, आपण कानातसुद्धा नाही. मग म्हणाली, खिडकीच्या काचा तुम्हीच पुसायच्या.

सगळ्या बिल्डिंगने बादल्या भरल्याने टाकी रिकामी झाली. हेतलबेन बोलल्या. गुजराती मला नीट समजत नाही, पण समजलं.

१९ नोव्हेंबर
महाशय विरले. कुठेही न जाता, जिथे बसले होते तिथेच. ओमानलाही गेले नाहीत! म्हणजे सुजितही चुकला. मी ग्रुपवर लगेच लिहिलं, युरोपियन मॉडेलचा दारुण पराभव.

रात्री
ते लिहायला नको होतं. सुजित तडक गच्चीवर गेला आणि फोटो टाकला. पाण्याच्या टाकीपासून माझ्या स्टेशनच्या पाइपापर्यंत दोरी. दोरीवर सातपाटीचे बोंबील, जबड्यात जबडा. दोरीचं उरलेलं टोक बाणाभोवती गच्च गुंडाळलेलं. वाट्यांमधून एक जोडी आरपार लोंबतेय. आणि दमटपणाच्या डबीला टेकून एक चांगला ओला, गुबगुबीत बोंबील. खाली लिहिलं होतं: काकांचं मॉडेल सापडलं.

हसरे चेहरे मोजले नाहीत. त्यात नाशिकचाही एक होता.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तो पंखा फिरून फिरून बोंबील खाली पाडत व्हता. म्हनून बांदला." त्यांना माझा राग आला नव्हता, पंख्याचा आला होता.

२० नोव्हेंबर
आज खरं सांगून टाकायचं ठरवलं. वाक्यं तयार केली. त्यात 'तांत्रिक कारणास्तव' हे दोनदा होतं.

सासूबाई गच्चीवरून वाळलेले बोंबील आणून टोपल्यांत रचत होत्या. कडकडीत वाळले होते. मी समोर बसलो आणि म्हटलं, वादळ काही आता येत नाही. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. शेजारीण रोज फोन करत होती. सातपाटीला पहिल्या दिवसापासून लख्ख ऊन. दोरीवरचे बोंबीलही वाळून घरात गेले. म्हणजे नुकसान काहीच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी विचारून बसलो, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तर राहिलात कशाला?

त्यांनी हातातला बोंबील टोपलीत ठेवला. "तुमी बोलावलात म्हनून आलू. वीस वर्सांत पयल्यांदा बोलावलात. मंग वादलाचा निमित्त असला म्हनून काय झाला? वादलाला का म्हनून नाय म्हनू?"

बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. वास फार उग्र असतो.

२१ नोव्हेंबर
सासूबाईंना सातपाटीला सोडून आलो. निघताना हेतलबेन गेटपर्यंत आल्या, रुमाल न लावता.

घर शांत. हेमाली जेवढ्यास तेवढं बोलते. रागावलेली नाही, हे जास्त वाईट. रात्री पिठलं होतं.

२२ नोव्हेंबर
ग्रुपचं नाव बदललंय. 'मैनाबाईंचे सुके बोंबील, बोईसर'. सुजितने मला अ‍ॅडमिनवरून काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांना दोन किलो हवेत, समोरच्या बिल्डिंगला पाच. हेतलबेन विचारतात, माजी क्यारे आवशे? म्हणजे मैनाबाई कधी येणार. वादळाचा विषय नाही. मी निषेध म्हणून ग्रुप सोडायचं ठरवलं. मग अर्धा किलो लिहून ठेवलं.

२४ नोव्हेंबर, रात्री
सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून गच्चीवर गेलो. स्टेशन पुसलं. बाण मोकळा केला. आता तो चारी दिशांना वेड्यासारखा फिरतो, आणि त्यातून काहीएक अर्थ निघत नाही.

संध्याकाळी सातपाटीहून फोन आला. हेमालीशी बोलून झाल्यावर सासूबाईंनी मला मागून घेतलं. गुडघ्याची चौकशी केली. नातू जेवतो का, विचारलं. मग त्या म्हणाल्या, "जावयबापू, आता परत कवा येतंय वादल?"

मी थांबा म्हटलं आणि सगळं तपासलं. अमेरिकन मॉडेल. युरोपियन मॉडेल. उपग्रहाचा फोटो. दांडीपासून ओमानपर्यंत समुद्र कोरा. ढगाचा ठिपकासुद्धा नाही.

मी सांगितलं, रविवारी. शंभर टक्के. तयार राहा, मी न्यायला येतो.