रुसकीचे सहा आठवडे

३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागवू नका. सकाळी तबेल्यात घोडे घासायचा खरारा हातात घेते तो दिवेलागणीपर्यंत सुटत नाही. बोटांना भेगा पडल्यात, पेन धरलं तरी चुरचुरतात. वहिनीचं पत्र आलं. डॉक्टरांनी खुब्यासाठी दिलेला व्यायाम तुम्ही टाळता आणि तिने आठवण करून दिली की झोपेचं सोंग घेता म्हणे. जन्मभर घोड्यांना शिस्त लावलीत, आता थोडी स्वतःला लावा.

इथे एकच घोर आहे. मालकीणबाईंनी लिलावात एक तांबडी घोडी घेतली. लगामाने तिच्या तोंडाचे दोन्ही कोपरे कधीतरी फाटून भरून आलेत. तोंडावर चढवायची दोरीची मोरखी नुसती दिसली तरी भिंतीला चिकटते आणि मागचे पाय झाडते. आम्ही तिला रुसकी म्हणतो. सहा आठवड्यांत तिने खोगीर घेतलं नाही तर कसायाच्या गाडीत घालीन, असं बाई स्वच्छ म्हणाल्या. तुम्ही चाळीसेक घोडे वठणीवर आणलेत. तुम्ही असता तर काय केलं असतं?

थकलेली, पण धडधाकट,
तुमची धाकटी

९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वहिनीची चुगली खरी आहे. मला कंटाळा आलाय. पडून पडून छताच्या भेगा पाठ झाल्या.

घोडीचं अवघड नाही. पुढचा एक पाय दुमडून बांध, खांबाला आखूड दावं लाव, संध्याकाळपर्यंत पाणी दाखवू नको. तिसऱ्या दिवशी भलेभले मान खाली घालतात. तुझा जीव कोवळा, हे मला ठाऊक आहे. आपल्या मोज्या घोड्याला असाच बांधला होता तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. पण पुढे त्याच्याच पाठीवर बसायला शिकलीस ना? मऊपणाने ही घोडी वाचायची नाही.

वेळेवर जेवत जा.
तुझे बाबा

२२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. दावं घेऊन गेले होते. मला पाहून ती अंग चोरून थरथरायला लागली, तशी परत फिरले.

आता रोज कामं उरकली की तिच्या आवारात बादली पालथी घालते आणि तिच्याकडे पाठ करून बसते. तुटके पट्टे शिवते. तिने एक पाऊल पुढे टाकलं की मी उठून दोन पावलं लांब जाते. तिला हायसं वाटावं म्हणून. बाकीचे हसतात. मला बसण्याचा पगार मिळतो का, असं स्वयंपाकीणबाईंनी परवा सगळ्यांदेखत विचारलं. मीही हसले. पण खोलीवर आल्यावर पाठ इतकी दुखत होती की बूट न काढताच आडवी झाले.

अकराव्या दिवशी मानेवर गरम श्वास लागला. मी सुई तशीच धरून ठेवली. तिने माझे केस हुंगले, कॉलर ओठांनी ओढून पाहिली आणि तिथेच उभी राहिली. बाबा, तुमच्या चाळिसांतला एखादा तरी असा आपणहून आला होता का? टोमणा नाही, खरंच विचारते.

लोभ आहेच, तो राग आला तरी राहू द्या.
तुमची धाकटी

२९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाखाली होतं. उत्तर असं, की नाही. एकही नाही.

आणखी एक सांगायचं आहे. खुबा मोडला तेव्हा मोज्याने लाथ मारली असं मी सर्वांना सांगितलं. त्याने लाथ मारली नव्हती. ओल्या फरशीवर माझा पाय घसरला. तासभर पडून होतो. फाटक उघडं होतं, तरी तो पळाला नाही. मी हाका मारल्या, तर जवळही आला नाही. कोपऱ्यात उभा राहून कापत होता. मी उठेन, याची त्याला भीती वाटत होती. चौदा वर्षं त्याने माझा शब्द खाली पडू दिला नव्हता.

मला त्याची नजर सहन होईना. पाय घसरला म्हणायची लाजही वाटली. म्हणून लाथेचं बोललो, आणि तुझ्या दादाने रागाच्या भरात त्याला कसायाला दिलं. मी खाटेवरून गाडीचा आवाज ऐकला. तोंड उघडलं नाही.

तुझ्या मालकीणबाई मला नावाने ओळखतात. त्यांच्या सासऱ्यांचे घोडे मीच तयार केले होते. त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. माझी पद्धत चुकीची होती, तुझ्या पद्धतीला वेळ द्यावा, एवढंच लिहिलं. तू बसतेस तशीच बस.

तुझे बाबा

१६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, ते मुद्दाम. तुमचं पत्र वाचून मी चुलीत घालणार होते. मोज्याच्या गळ्यात पडून मी लहानपणी किती रडले आहे, ते तुम्हाला माहीत नाही.

परवा मुदत संपली. मालकीणबाई सकाळीच येऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. रुसकीने मोरखीत आपणहून तोंड घातलं. खोगीर दाखवलं, तिने ते हुंगलं. पाठीवर ठेवलं, तेव्हा शहारली, पण हलली नाही. बाईंनी मला वर बसायला सांगितलं. मी नाही म्हणाले. अजून ती तयार नाही, आज बसले तर सगळं पाण्यात जाईल. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मी दोरी सोडून दिली आणि फाटकाकडे चालू लागले. ती मागून आली. थांबले तशी थांबली.

बाई फाटकापाशी आल्या. मग म्हणाल्या, तुझ्या वडिलांसारख्या माणसाने आपल्या हाताने असं लिहून पाठवावं, हे मला खरं वाटलं नव्हतं. हिवाळा संपेपर्यंत घोडी राहू दे म्हणाल्या. पुढचं पुढे.

तेव्हा तुमच्या पत्राने एक जीव वाचला. मोज्याचं त्याने भरून येत नाही. येतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दादाला खरं काय ते तुम्हीच सांगा. त्याच्याही मनाला ते लागेल, पण सांगा.

आणि जिने उतरता येऊ लागले की इकडे या. आवारात तुमच्यासाठी हात टेकायची खुर्ची ठेवीन. रुसकीला हाक मारू नका, हात पुढे करू नका. नुसते बसा. माझ्याशीही काही बोलायची घाई करू नका.

वाट पाहणारी,
तुमची धाकटी