दारावरचा पंजा

अजनी, नागपूर
२२ एप्रिल १९६८

तीर्थरूप मल्काताईस शालोम.

तुझं पत्र आणि इस्राएलला येण्याचे कागद पोचले. आम्ही बरे आहोत. ऊन असं की लोकोशेडमध्ये पाना हातात धरवत नाही. वल्हांडणाचा सण झाला. साराने खजुराचा शिरा अगदी आईसारखा केला. मरणाने घर ओलांडून जावं म्हणून मी बाबांच्या रीतीने बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवला आणि दारावर चिकटवला. माझ्यासोबतचा फिटर देवराव दरवर्षी पंगतीला असतो, तो यंदा आला नाही.

खोटं लिहिलं. आला होता.

तुला आठवतो ना? म्हणायचा, "भाऊ, तुमची सुटका मिसरातून, आमची छप्पन साली इथंच. सण एकच गा." मार्चमध्ये पारशिवनीकडे त्याच्या गावी पाटलाचा बैल मेला. देवरावने ओढायला साफ नकार दिला. ज्याचा बैल त्यानं ओढावा, म्हणाला.

सणाच्या संध्याकाळी गुलामगिरीची हकिकत वाचून झाली, जेवणं झाली. देवरावचं पान तसंच होतं. आता एलियाहू नबी आत यावा म्हणून दरवर्षीसारखं दार उघडायचं, एवढ्यात बाहेरून थाप पडली. "भाऊ, दार उघड गा. मारून राहिले मले."

खिडकीतून चौघे दिसले. पाटलाच्या मुलाच्या हातात कुऱ्हाड होती. सारा धावली. मी तिला ढकललं आणि कडी दाबून धरली. ताई, उघडायला नव्हे, धरून ठेवायला. हाड मोडताना सुक्या काटकीसारखं वाजतं. मी तीनदा ऐकलं.

सणाच्या रात्री पोरांनी विचारायचे चार प्रश्न रूथने पाठ केले होते. पाचवा तिने स्वतःचा विचारला, "बाबा, आजच दार का नाही उघडलं?"

सकाळी पाहिलं तर माझ्या कागदाखाली देवरावचा पंजा उठला होता. मरण माझं घर ओलांडून गेलं आणि त्याच्यावर पडलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

चौघांना ओळखणारा साक्षीदार मी एकटाच. त्याची बायको कांताबाई आली. शिव्या घालील वाटलं. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी पाह्यलं त्यायले. कोर्टात सांगसान काय?" पाटलाचाही निरोप आला. तोंड उघडलं तर मुलगी शाळेतून घरी येणार नाही. त्याच दिवशी तुझे कागद मिळाले. केवढं हायसं वाटलं, लिहितानाही लाज वाटते.

सहा मेला माझी साक्ष आहे. त्याआधी सारा आणि रूथला तुझ्याकडे पाठवतो आहे. माझे कागद परत करतो.

रूथ तिकडे पुन्हा तोच प्रश्न विचारील. बाबा घाबरला म्हणून, असंच सांग. दुसरं काही रचून सांगू नकोस.

दाराआड उभा राहिलेला तुझा भाऊ,
एलीझर